दीड टनाचा हिशोब

मंडळी, पोस्ट मोठी आहे. वेळ काढून वाचा. ज्यांची लेकरं जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत त्यांनी तर जरूर वाचा.

पाडव्याच्या आठ दिवस आधीची गोष्ट. कारखान्यावरून गाड्या परत आल्या होत्या. मी निवृत्त झालो असलो तरी गावात अजून ‘गुरुजी’च आहे, त्यामुळं कागद घेऊन लोक घरी येतात. त्या दिवशी एक बाप मुकादमानं दिलेला हिशोबाचा कागद घेऊन आला. सोबत सातवीतली पोरगी आणि म्हातारे वडील. म्हणला, “गुरुजी, तुम्हीच बघा जरा. आमच्याकडं किती फिरलेत म्हणून सांगायलेत, पण कशाचे किती ते कळंना.”

मी म्हणलं, पोरगी सातवीला आहे, तिलाच विचारू. “बाई, दिवसाला दीड टन ऊस तोडला. टनाला ३६६ रुपये. किती झाले?”

पोरगी हुशार आहे, लाजाळू नाही. तिनं विचारलं, “गुणाकार करायचा का भागाकार, गुरुजी?” मग कागद घेतला, १.५ गुणिले ३६६ मांडलं, हातचे घेतले आणि उत्तर लिहिलं, ५४९०. दशांश चिन्ह द्यायचं राहिलं होतं. लेकरांच्या अशा चुका होतात, त्याचं काही नाही. पण बाप-आईच्या एका दिवसाच्या तोडणीचे साडेपाच हजार रुपये झाले, हे तिला खटकलं नाही. मला ते लागलं.

तेवढ्यात तंबाखू मळत बसलेला म्हातारा बोलला, “पाचशे एकोणपन्नास.”

“कसं काढलं बाबा?”

“तीनशेची दिडकी साडेचारशे. सहासष्टाची नव्याण्णव. झालं की.”

म्हातारा दोन पावसाळे शाळेत गेलेला. पोरगी सात वर्षं.

आता मला माहिती आहे खाली कमेंटमध्ये काय येणार. “जुनं ते सोनं”, “आमच्या वेळी छडी लागायची म्हणून पाढे पाठ व्हायचे”, “आताच्या मास्तरांना फक्त पगार पाहिजे”. थोडं थांबा. मी १९८८ साली नोकरीला लागलो, २०२४ ला निवृत्त झालो. छत्तीस वर्षं गणित शिकवलं, तीन-चार पद्धतींनी शिकवलं. त्यातून जे कळलं ते सांगतो, मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या.

आधी जुन्या गणिताबद्दल. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे सगळे अपूर्णांकांचे पाढे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आजच्या पोरांना हे शब्द सांगितले तर हसतात. पण ते कुणी हौस म्हणून पाठ करत नव्हतं. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, मणाचे ४० शेर, खंडीचे २० मण. सगळा बाजार पाव, अर्धा, पाऊण यावरच चालायचा. आपला जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात. माझे आजोबा हाली आणि कलदार असे दोन रुपये हाताळायचे. निजामाचा तो हाली, इंग्रजांचा तो कलदार. सात हालीला सहा कलदार असा हिशोब. गुणोत्तर-प्रमाण हा धडा त्यांनी कधी वाचला नव्हता, पण बाजारात बसून ते तेच करत होते.

मग १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, रुपयाचे शंभर झाले. मागोमाग किलो, लिटर, मीटर आले. हे चांगलंच झालं. हिशोब सोपा झाला. पण पावकी-दिडकीचं बाजारातलं काम संपलं आणि हळूहळू ती शाळेतूनही गेली. कुणी मुद्दाम मारली नाही.

आणि त्या जुन्या शाळेत बसायचं कोण, हेही बोललं पाहिजे. निजामाच्या राज्यात सरकारी शाळेचं शिक्षण उर्दूत, शाळा मोजक्या. पोरी नाहीतच. तांड्यावरचं, वस्तीवरचं लेकरू नाहीच. जे बसायचे त्यातलेही निम्मे छडीच्या भीतीनं पळून जायचे. आपण ज्यांना पाढे आले त्यांच्याच गोष्टी ऐकतो. ज्यांना आले नाहीत ते ढोरामागं गेले, त्यांची गोष्ट सांगायला कुणी नाही. शिवाय हातचा का घ्यायचा, अपूर्णांकाचा छेद उलटा का करायचा, हे विचारायची सोय नव्हती. विचारलं की छडी. मलाही कुणी सांगितलं नव्हतं. मी शिक्षक झालो तेव्हा मलाही ‘का’ माहिती नव्हतं, फक्त ‘कसं’ माहिती होतं.

१९६७ ला बालभारती सुरू झाली आणि राज्यभर एकसारखी, स्वस्त पुस्तकं गावोगाव पोचली. हे मोठं काम झालं, त्याला नावं ठेवू नका. पण माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात वर्गात काय चालायचं ते प्रामाणिकपणे सांगतो. फळ्यावर उदाहरण सोडवायचं, पोरांनी उतरवून घ्यायचं, परीक्षेत आकडे बदलून तेच यायचं. सराव भरपूर, समज थोडी. आकडे बदलले तर येतं, वाक्य बदललं की येत नाही. मी तसंच शिकवलं.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. तेव्हा आठवीपर्यंत नापास नव्हतं, आणि लेकराला वयाप्रमाणं वर्गात घ्यायचं. २०१५ ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र आला. शंभर मण्यांच्या माळा आल्या, दशकाचे दांडे आले, खोट्या नोटा आल्या. प्रशिक्षणात आमच्यासारखे पन्नाशीला आलेले गुरुजी मणी मोजत बसले. सुरुवातीला आम्हीच हसलो. पण खरं सांगतो, दहा सुटे मणी देऊन एक दांडा घेतला तेव्हा हातचा म्हणजे काय हे मला पहिल्यांदा हातात धरून कळलं. सत्तावीस वर्षं शिकवल्यावर! पहिली-दुसरीची लेकरं रडायची बंद झाली, फळ्यापाशी स्वतःहून यायला लागली. हेही विसरायचं नाही.

मग २०१९ चा तो वाद. आठवतो ना? बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’ सोबत ‘वीस एक’ असं वाचन दिलं होतं. जुनी नावं काढली नव्हती, जोडीला दुसरी दिली होती. पण दोन महिने सगळ्या महाराष्ट्रानं नुसती टर उडवली. विधानसभेतही कोट्या झाल्या. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. लेकरांना गणित सोपं व्हावं म्हणून त्यांनी किती लिहिलं. २०२३ ला त्या गेल्या. त्यांचं म्हणणं काय होतं ते ऐकायला फार कमी जण तयार होते.

मी वर्गात पाहिलं आहे. ‘त्रेपन्न’ म्हणलं की पोरगं आधी तीन ऐकतं आणि ३५ लिहितं. ‘एकोणपन्नास’ म्हणलं की ५९ लिहितं, कारण कानावर पन्नास पडलेलं असतं. आपल्या भाषेत एकक आधी बोलतात, लिहिताना दशक आधी. पोरांची चूक नाही, वाटच वाकडी आहे. आमच्या गावातलं एक पोरगं तीन हंगाम आई-बापासोबत कर्नाटकातल्या कारखान्यावर गेलं होतं. त्याला कानडी आकडे येत होते. मराठीत तेवीस आणि बत्तीसमध्ये गोंधळायचं, पण कानडीत ‘इप्पत्मूरु’ म्हणलं की बरोबर २३ लिहायचं, कारण कानडीत आधी वीस येतात, मग तीन. ‘वीस एक’ आवडलं नाही तर नाही आवडलं, मलाही कानाला गोड लागत नाही. पण अडचण खरी होती, आणि आपण ती हसण्यावारी नेली.

पण मंडळी, या सगळ्या भांडणात एक गोष्ट कुणीच बोललं नाही. जुनी पद्धत असो, नवी असो, मणी असोत नाहीतर छडी, दोन्हीकडं एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती म्हणजे लेकरू जूनपासून एप्रिलपर्यंत वर्गात बसलेलं आहे.

आपल्या जिल्ह्यात ते बसलेलं नसतं.

दसरा-दिवाळीला गाड्या भरतात. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली गावंच्या गावं रिकामी होतात. ज्यांच्या घरी आजी-आजोबा धडधाकट आहेत त्यांची लेकरं राहतात, बाकीची जातात. पोरगी जरा मोठी असली तर हमखास जाते, कारण कोपीवर भाकरी कोण करणार आणि बारकं लेकरू कोण सांभाळणार? परत येतात ते पाडव्याच्या आगंमागं. म्हणजे वर्षातले चार-पाच महिने गेले. आणि पुस्तक काढून बघा, या महिन्यांत काय शिकवतात. भागाकार, अपूर्णांक, दशांश, शेकडेवारी. हिशोबाला जे लागतं नेमकं तेच.

इतिहासाचा एक धडा चुकला तर पुढचा वाचता येतो. गणिताचं तसं नाही. भागाकार चुकला की अपूर्णांक अडतो, अपूर्णांक अडला की शेकडेवारी अडते, आणि नववीला बीजगणिताचं पुस्तक उघडलं की पोरगी म्हणते, “मला गणित जमतच नाही.” तिला गणित जमत नाही असं नाही. तिच्या शिडीच्या मधल्या चार पायऱ्याच कुणी बसवल्या नाहीत. कायदा म्हणतो वयाप्रमाणं वर्ग द्या. बरोबर आहे, मोठ्या पोरीला बारक्यांत बसवून लाजवू नये. पण त्याच कायद्यात अशा लेकराला खास प्रशिक्षण देऊन बरोबरीला आणा असंही लिहिलं आहे. पहिलं वाक्य आपण पाळलं, दुसरं कागदावर राहिलं.

एकट्या बीडचं रडगाणं गात नाही. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या शंभरातल्या साधारण ३१ लेकरांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता आलं. बाकीच्या एकोणसत्तरांना नाही. त्यातली बहुतेक तर कुठं उसाला गेलेलीही नाहीत.

आता दुसरी बाजू बघा. त्याच पोरीला मी नंतर विचारलं, “तुझी आई दिवसात किती मोळ्या बांधती? गाडी भरायला किती लागत्यात?” पोरीनं झटक्यात सांगितलं. किती मोळ्यांचा टन होतो, ऊस वाळला तर मोळ्या किती जास्त लागतात, उद्याच्या खेपेला किती कमी पडतील, सगळं तोंडावर. हा भागाकारच आहे. फक्त तिला तो भागाकार आहे हे कुणी सांगितलं नाही, आणि वहीतल्या भागाकारात मोळी आहे हेही कुणी सांगितलं नाही.

हे जगभर असंच आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पोरांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. गाड्यावर नारळ विकताना त्यांचे ९८ टक्के हिशोब बरोबर यायचे. तीच गणितं कागदावर नुसत्या आकड्यांत दिली तर ३७ टक्के. आणि अगदी अलीकडं, फेब्रुवारी २०२५ मध्ये, आपल्या कोलकाता-दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या पोरांवरचा मोठा अभ्यास ‘नेचर’ या शास्त्रीय साप्ताहिकात आला. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो, दोघंही नोबेलवाले, त्या अभ्यासात होते. त्यांना दिसलं ते असं : बाजारातल्या पोरांना बाजारातला हिशोब येतो, शाळेतला येत नाही. आणि शाळेतल्या पोरांना शाळेतला येतो, बाजारातला येत नाही. दोघंही अर्धवट.

म्हणजे म्हातारा आणि नात. एकाकडं हिशोब आहे, वही नाही. दुसरीकडं वही आहे, हिशोब नाही.

आणि गंमत बघा. म्हाताऱ्यानं काय केलं? ३६६ चे दोन भाग केले, ३०० आणि ६६. दोन्हींची दिडकी काढली आणि मिळवली. नवी पुस्तकं नेमकं हेच शिकवू बघतात : संख्या फोडा, सोपे तुकडे करा, मग जोडा. म्हणजे जुनं आणि नवं यांचं भांडण आपण उगाच लावलं आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’ लिहिली. त्यांचं विज्जडविड म्हणजे आपलं बीडच असं काही अभ्यासक मानतात, काही मानत नाहीत. तो वाद चालू द्या. पण त्या पुस्तकात व्याज आहे, मालाची अदलाबदल आहे, त्रैराशिक आहे, भुंगे आणि कमळं आहेत. जगण्यातलं गणित वर्गात आणायचं हे काही परदेशातून आलेलं फॅड नाही.

आता तो हिशोब पुरा करू, कारण खरी गोष्ट इथं आहे.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. टनाला २७३ चे ३६६ झाले. तेव्हा गावात किती जणांनी मला विचारलं, “गुरुजी, चौतीस टक्के म्हंजी किती?” टनामागं ९३ रुपये. हे सातवीचं गणित आहे. ते माहिती नसलं की ३४ हा आकडा फार मोठा वाटतो.

समजा एका कोयत्यानं, म्हणजे नवरा-बायकोनं, एक लाख उचल घेतली. रोज दीड टन तोडला तर दिवसाचे ५४९ रुपये. एक लाखाला ५४९ नं भागा. १८२ दिवस येतात, वर ८२ रुपये उरतात. आणि हंगाम किती दिवस चालतो? चार महिने, फार तर पाच. म्हणजे १२० ते १५० दिवस. त्यात एक दिवस आजारपण नाही, गाडी बंद नाही, पाऊस नाही असं धरलं तरी, आणि आठवड्याची खर्ची धरली नाही तरी, दीड टनानं ही उचल फिटतच नाही. दोन टन रोज तोडला तर १३७ दिवस लागतात, तेही खर्चीशिवाय. बाकी फिरती ती पुढच्या साली. मग पुढची उचल बाकी वळती करून. हे कुणी जादूटोणा केला म्हणून होत नाही. हा पाचवीचा भागाकार आहे.

मी हे त्या बापाला मांडून दाखवलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणला, “कळलं तरी काय करावं गुरुजी, उचल तर घ्यावीच लागती. पोरीचं लगीन, दवाखाना, कुठून आणावं?”

त्याचं खरं आहे. भागाकार आला म्हणून बीडचा दुष्काळ हटत नाही आणि कोयता सुटत नाही. गणिताची पेटी वाटून हा प्रश्न सुटेल असं मी म्हणत नाही. पण हिशोब कळणारा माणूस वजनाची पावती मागतो. तारीख लिहून ठेवतो. व्याज कुठून आलं हे विचारतो. त्या कागदावरचा एक आकडा मला जुळेना, तो मी वर्तुळ करून दिला. पोरगी बापाला म्हणली, “दादा, हे मुकादमाला विचारायचं.” तिनं विचारायचं म्हणलं, एवढंच. पण ते आधी त्या घरात कुणी म्हणलं नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं चार गोष्टींत सांगतो. शाळा व्यवस्थापन समितीत तुम्ही असाल तर पुढच्या बैठकीत मांडा.

१. रोज पहिली पंधरा मिनिटं तोंडी हिशोब. पुस्तकातला नाही, गावातला. कापसाचा भाव, दुधाचं फॅट, लाईटबिल. आज ३७ लेकरं आली, पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ, तर खिचडीला किती काढायचा? ३ किलो ७०० ग्रॅम. डेऱ्यासमोर उभं राहून हे करता येतं.

२. पाढे पाठ झालेच पाहिजेत, पण मणी मोजून झाल्यावर. आणि दिडकी-पावकी परत आणा. आठवण म्हणून नको, अपूर्णांक शिकवायला आणा. गावातल्या म्हाताऱ्या माणसाला आठवड्यातून एक दिवस वर्गात बसवा. आपल्याकडं शिक्षक नाहीत म्हणून रडतो, आणि हिशोबाची चालती पुस्तकं पारावर बसलेली आहेत.

३. बाहेरगावी जाणाऱ्या लेकराला शिक्षण हमी कार्ड देतात. त्यावर एक ओळ वाढवा : याला वजाबाकी येते, भागाकार राहिला. परत आलं की तिथून सुरू करा, वर्ग कोणताही असो. एप्रिल-मे त्याच्यासाठीच ठेवा. आणि हंगामी वसतिगृहं दिवाळीच्या आधी सुरू झाली पाहिजेत. गाड्या गेल्यावर उघडलेल्या वसतिगृहाचा काय उपयोग?

४. आई-बापांनो, घरातला हिशोब लेकरापुढं करा. मुकादमाचा कागद असो, बचत गटाचं पुस्तक असो की किराणाची उधारी. पोरीच्या हातात द्या. चुकेल, चुकू द्या.

ती पोरगी आता आठ दिवसांतून दोनदा संध्याकाळी येते. परवा तिला विचारलं, “दीड टनाचे ५४९०, हे बरोबर वाटतं का?” हसली. म्हणली, “गुरुजी, तेवढे मिळाले असते तर आम्ही कशाला गेलो असतो?”

तुमच्या घरातल्या पाचवी ते आठवीच्या लेकराला आज हाच हिशोब घालून बघा. दीड टन, ३६६ रुपये दर, एक लाख उचल, किती दिवस लागतील? मोबाईल देऊ नका. उत्तर काय आलं आणि ते कसं काढलं, दोन्ही कमेंटमध्ये लिहा. चुकलेलं असलं तरी लिहा. चुकलेली उत्तरं मला जास्त कामाची आहेत.